‘सकाळी ये’ म्हणजे नक्की किती वाजता?

सुट्टीत कुणाच्या तरी घरी राहायचं, त्यांचा कुत्रा किंवा मांजर सांभाळायचं आणि चार पैसे कमवायचे. ऐकायला एकदम भारी वाटतं ना? असतंही. फक्त यायची आणि निघायची वेळ आधी ठरवून घ्या. नाहीतर माझ्यासारखी गत होईल.

गेल्या दिवाळीची गोष्ट. सेमिस्टरची परीक्षा नुकतीच संपली होती. पीजीतल्या सगळ्या मुली बॅगा भरून गावाला पळाल्या होत्या आणि मी मात्र पुण्यातच थांबले होते. कारण होतं शेरू. शेरू म्हणजे कोथरूडमधल्या एका काका-काकूंचा नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर. ते चार दिवस कोकणात गावी जाणार होते आणि शेरूला गाडीचा प्रवास सोसत नाही. मैत्रिणीच्या ओळखीतून माझं नाव त्यांच्यापर्यंत पोहोचलं. रोजचे ५०० रुपये, राहायला अख्खा फ्लॅट, फ्रिज भरलेला, वायफाय फुकट. चार दिवसांचे २००० रुपये. त्यातून धाकट्या भावाला बॅट घ्यायची आणि भाऊबीजेला सकाळी परभणीला हजर व्हायचं, असा माझा प्लॅन.

काकू म्हणाल्या, ‘धनत्रयोदशीला सकाळी ये. आम्ही पाडव्याला परत येतो.’

मी म्हटलं, ‘हो काकू, चालेल.’

झालं. एवढंच बोलणं. पुढचा सगळा घोळ या दोन वाक्यांतून झाला.

तू आहेसच ना!

धनत्रयोदशीला मी सकाळी नऊला पोहोचले. माझ्या डिक्शनरीत सुट्टीतली सकाळ नऊला सुरू होते. काका-काकूंच्या डिक्शनरीत ती पहाटे सहाला सुरू झाली होती. ते सातपासून बॅगा दाराशी लावून बसलेले. मी लिफ्टमधून बाहेर पडले तर काका चपला घालूनच उभे. शेरूचं खाणं कुठे, पट्टा कुठे, गॅसचा कॉक कुठला, गोळ्या कोणत्या, हे सगळं काकूंनी पाच मिनिटांत सांगितलं. त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं होतं ते गोळ्यांचं. शेरूला फिट्स येतात. त्यासाठी रोज सकाळी आठ आणि रात्री आठ, बरोबर बारा तासांनी गोळी. त्या दिवशीची सकाळची गोळी मी येईपर्यंत दिलीये की नाही, हेही मला नंतर फोन करून विचारावं लागलं.

चार दिवस मस्त गेले. शेरू गुणी आहे. फटाक्यांना घाबरतो, तेवढंच. मग पाडवा उजाडला. माझी परभणीची ट्रॅव्हल्स रात्री साडेनऊची. संध्याकाळी पाचपर्यंत काकू येतील, सहाला मी निघेन, असा माझा हिशोब. पाच वाजले, सहा वाजले. सात वाजता फोन आला. ‘अगं, इथे पाहुणे आले, निघायला उशीर झाला. आता रात्रीचं घाटातून नको म्हणतायत काका. उद्या सकाळी निघतो आम्ही. तू आहेसच ना!’

तू आहेसच ना. या तीन शब्दांवर काय बोलायचं असतं, ते मला आजही सुचत नाही. मी ‘हो’ म्हटलं आणि फोन ठेवल्यावर रडले.

शेरूला आठची गोळी देऊन, दाराला कुलूप लावून मी निघू शकत होते. पण बाहेर फटाके, आत फिट्स येणारा कुत्रा आणि सकाळी आठला गोळी द्यायला घरात कुणी नाही. नाही जमलं मला. तिकिटाचे साडेआठशे रुपये बुडाले. काका-काकू दुसऱ्या दिवशी साडेअकराला आले. मी दुपारची एसटी पकडली, तीही उभ्याने. घरी पोहोचले तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते. भाऊ सोफ्यावर झोपलेला. आईने ताट तयार ठेवलं होतं. डोळे चोळत उठलेल्या भावाला मी ओवाळलं तेव्हा बारा वाजून गेले होते.

चूक कुणाची?

बरेच दिवस मी काकूंवर चिडून होते. मैत्रिणींना सांगताना तर त्यांना पार व्हिलन करून टाकलं होतं. मग एकीने विचारलं, ‘तुझी साडेनऊची गाडी आहे हे तू त्यांना सांगितलं होतंस?’

नव्हतं सांगितलं.

खरंच नव्हतं. मला वाटलं होतं, पाडवा म्हणजे पाडवा. त्यांना वाटलं, पोरगी राहतेच आहे, एक रात्र इकडे-तिकडे झाली तर काय बिघडलं? फोनवरसुद्धा मी ‘माझी गाडी आहे’ म्हटलं नाही. त्या आईच्या वयाच्या. त्यांना ‘किती वाजता येणार, नक्की सांगा’ असं विचारणं मला उद्धटपणा वाटला. पैशांचंही तसंच. पाचव्या दिवसाचे ५०० मी मागितले नाहीत आणि त्यांच्याही लक्षात आलं नाही.

आपल्याकडे हे काम ओळखीतून मिळतं ना, तिथेच गोची होते. धड नोकरी नाही, धड घरगुती मदतही नाही. ‘तू घरचीच आहेस’ म्हटलं की वेळ आणि पैसे या दोन्ही गोष्टी बोलायला जीभ रेटत नाही. पण घरच्या माणसाचीही बस चुकतेच की!

उशीर आपल्याकडूनही होतो

आता दुसरी बाजू. माझा एक मित्र इंजिनीअरिंगला आहे. त्यानेही एका कुटुंबाची दोन मांजरं सांभाळायचं कबूल केलं होतं. त्यांना डेक्कन क्वीनने मुंबईला जायचं होतं. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ला सुटते, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हा पठ्ठ्या वाघोलीहून पहिली पीएमपी पकडून कोथरूडला पोहोचला ६.५०ला. ‘सात म्हणाले होते, मी दहा मिनिटं आधीच आलो,’ असं तो अजूनही छातीठोकपणे सांगतो. सात ही त्यांची स्टेशनवर पोहोचायची वेळ होती. ती मंडळी चावी वॉचमनकडे ठेवून केव्हाच गेली होती. मांजरं कपाटामागे लपलेली, खाणं कुठे ठेवलंय माहीत नाही आणि ट्रेनमध्ये नेटवर्क ये-जा करतंय. पुन्हा त्या घरून त्याला फोन आला नाही.

म्हणजे बघा, तारीख दोघांनाही माहीत होती. वारही माहीत होता. घोळ झाला तो तासांचा.

एक वेळ पुरत नाही, चार लागतात

गेल्या वर्षभरात मी आणखी पाच घरं सांभाळली. ठेचा खात-खात एक गोष्ट शिकले. ‘कधी येऊ?’ हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. चार वेगवेगळ्या वेळा ठरवाव्या लागतात.

पहिली, ओळखीच्या भेटीची वेळ. मालक निघायच्या दिवशी प्राण्याला पहिल्यांदा भेटणं म्हणजे परीक्षेच्या दिवशी पुस्तक उघडणं. आधीच्या आठवड्यात एकदा तासभर जाऊन या. कुत्र्याला मालकासोबतच फिरवून आणा. मांजर असेल तर ती पहिल्या भेटीत समोर येणारच नाही. येऊ दे किंवा नको येऊ दे, तुमचा वास आणि आवाज तिला माहीत झाला तरी खूप आहे. अनोळखी माणसाला घाबरून मांजर खाणंच सोडते, असंही होतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या लिव्हरला धोका असतो. म्हणून ही भेट चुकवू नका.

दुसरी, तुमच्या येण्याची वेळ. मालक घराबाहेर पडायच्या निदान एक तास आधी तुम्ही तिथे हवं. गाडी सुटायच्या एक तास आधी नव्हे, दारातून पाय बाहेर पडायच्या. पहाटेची फ्लाइट किंवा ट्रेन असेल तर सरळ आदल्या रात्री राहायला जा. देशातल्या देशात फ्लाइट असली तरी दोन तास आधी एअरपोर्टवर पोहोचायला सांगतात. कोथरूडहून लोहगाव गाठायचा वेळ त्यात धरा. सहाच्या फ्लाइटसाठी ती माणसं तीनला घर सोडणार. त्या वेळी तुम्हाला ना बस मिळणार, ना रिक्षा परवडणार.

तिसरी, त्यांच्या परत येण्याची वेळ. इथे शब्द नीट ऐका. ‘आमची फ्लाइट साडेआठला उतरते’ याचा अर्थ साडेआठला ते घरी असतील असा होत नाही. सामान यायचं, कॅब मिळायची आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये लोहगाव ते कोथरूड तास तर कुठेच गेला नाही. मुंबईहून गाडीने येणार असतील तर लाँग वीकेंडला खंडाळ्याच्या घाटात एक्स्प्रेसवे कसा तुंबतो ते आपण सगळेच बघतो. म्हणून विचारायचं ते हे : तुम्ही घराचं दार किती वाजता उघडाल?

चौथी, तुमच्या निघण्याची वेळ. ही त्यांच्या येण्याच्या वेळेपेक्षा वेगळी असते आणि तीच कुणी बोलत नाही. ते आल्याबरोबर तुम्ही पळणार का, की अर्धा तास थांबून सगळं सांगणार? खाणं किती झालं, गोळ्या किती उरल्या, पोट बिघडलं होतं का, हे सांगायला वेळ लागतो. चावी हातात द्यायची असते. आणि ते आलेच नाहीत, तर तुम्ही किती वाजेपर्यंत थांबू शकता? तो आकडा आधी सांगा.

रात्री अकराला जायचं कुठे?

हॉस्टेल किंवा पीजीत राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा अगदी जिव्हाळ्याचा. माझ्या पीजीचं गेट रात्री दहाला बंद होतं. मालक अकराला घरी आले आणि प्रेमाने म्हणाले, ‘जा हो तू आता, दमली असशील,’ तर मी जाऊ कुठे? एका घरी हे अगदी होता-होता राहिलं. तेव्हापासून मी आधीच सांगून टाकते, ‘रात्री नऊनंतर आलात तर मी सकाळी निघेन. मला हॉलमध्ये झोपायला चालेल.’ आजवर एकाही घरात याला कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट एका काकांनी ‘बरं झालं सांगितलंस, आमच्या लक्षातच आलं नसतं’ असं म्हटलं. मोठ्या माणसांना आपल्या गेटच्या वेळा माहीत नसतात. त्या आपणच सांगाव्या लागतात.

सोसायटीचंही बघून घ्या. गेटवर तुमचं नाव, तारखा आणि फ्लॅट नंबर आधी दिलेला हवा. नाहीतर वॉचमनकाका तुम्हाला खाली थांबवून फ्लॅटमध्ये फोन करत बसतात. उचलणार कोण? आत फक्त कुत्रा असतो.

प्राण्याचं घड्याळ

आपण दोन माणसं वेळ ठरवतो, पण ती खरं तर तिसऱ्यासाठी असते. कुत्र्याची फिरायची, खायची, शू-शीची वेळ पक्की असते. ब्रिटनमधली डॉग्ज ट्रस्ट ही संस्था सांगते की मोठ्या कुत्र्यालाही सलग चार तासांपेक्षा जास्त वेळ एकटं ठेवू नये. म्हणजे मालक सकाळी सातला गेले आणि तुम्ही कॉलेज करून दुपारी दोनला उगवलात, तर ते सात तास त्याने घरात एकट्याने काढले. शेरूसारखी बारा तासांची गोळी किंवा डायबेटिसचं इन्सुलिन असेल तर प्रश्नच मिटला. मग चावी देण्या-घेण्याची वेळ औषधाच्या वेळेशी जुळवून ठरवायची आणि शेवटचा डोस कुणी दिला ते लिहून ठेवायचं. फ्रिजवर एक कागद चिकटवायचा : तारीख, वेळ, कुणी दिली. दोघांनीही दिली किंवा कुणीच दिली नाही, असं व्हायला नको.

दिवाळीत आणखी एक सांभाळा. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने दिवाळीत फटाके उडवायला रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. प्रत्यक्षात नरक चतुर्दशीच्या पहाटेही धूमधडाका असतोच. अशा वेळी दार उघडायचं, सामान आत-बाहेर करायचं म्हणजे घाबरलेल्या कुत्र्याला जिन्याने पळून जायला आमंत्रणच. दिवाळीत ये-जा शक्यतो दुपारची ठरवा.

‘विचारू कसं?’ची सोय

तोंडावर बोलायला संकोच वाटतो ना? मलाही वाटतो. म्हणून मी बोलत नाही, लिहिते. घरून होकार आला की त्याच दिवशी हा मेसेज पाठवते. हवं तर कॉपी करा :

‘नमस्कार काकू. नीट लक्षात राहावं म्हणून लिहून ठेवतेय. मी शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता येईन. तुम्ही शनिवारी पहाटे ४ला निघणार. तुम्ही बुधवारी दुपारी ३पर्यंत घरी पोहोचाल. मी ४ला निघेन, कारण माझी ६.३०ची गाडी आहे. उशीर होतोय असं वाटलं तर दुपारी १२पर्यंत कळवाल का? म्हणजे मला काहीतरी सोय करता येईल. मी नसताना अडचण आली तर दुसरी चावी कुणाकडे असेल? एक दिवस वाढला तर त्याचे पैसे रोजच्याप्रमाणेच धरू. चालेल ना?’

यात ‘कारण माझी गाडी आहे’ हे वाक्य सगळ्यात कामाचं. नुसतं ‘चारला निघेन’ म्हटलं की ते लवचीक वाटतं. कारण दिलं की समोरच्याला तुमचीही एक बाजू आहे हे दिसतं. परीक्षा, क्लास, लायब्ररीतला नंबर, आईचा वाढदिवस, काहीही असो. लिहा.

दुसरी चावी हा प्रश्नही सोडू नका. शेजारच्या आजी, वरच्या मजल्यावरचे दादा, कुणीतरी एक माणूस हवाच. माणसं मुद्दाम उशीर करत नाहीत. गाड्या रखडतात, फ्लाइट रद्द होतात, कुणाची तब्येत बिघडते. आपल्यालाही ताप येऊ शकतो. तेव्हा दार उघडायला तिसरं माणूस असलं की कुणाचंच अडत नाही.

आणि हो, हे आपल्यालाही लागू. वेळ दिली की पाळा. पंधरा मिनिटं उशीर होणार असेल तर पोहोचल्यावर सॉरी म्हणण्यापेक्षा निघतानाच फोन करा. मालक आल्यावर घर आवरलेलं, भांडी घासलेली, पलंगावर धुतलेली चादर असं सगळं हवं असेल, तर निघायच्या तासभर आधी हात चालवायला लागा. ते बेल वाजवतायत आणि तुमचे कपडे अजून दोरीवर, असं नको.

पुन्हा शेरू

मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला. ‘या दिवाळीत शेरूला सांभाळशील का?’ दोन सेकंद माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. मग सरळ सांगून टाकलं. गेल्या वर्षीची गाडी, बुडालेलं तिकीट, रात्री बारानंतर ओवाळलेला भाऊ. सगळं. आवाज थोडा कापत होता, पण सांगितलं.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘अगं बाई, मग तेव्हाच बोलायचं नाही का? मी काकांना रात्रीच निघायला लावलं असतं.’

लावलं असतं का, माहीत नाही. कदाचित असतंही. मी बोललेच नाही, त्यामुळे ते कधीच कळणार नाही.

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. त्यात तारखा होत्या, वेळा होत्या, शेजारच्या आजींचा नंबर होता. खाली लिहिलं होतं, ‘पाडव्याला आम्ही दुपारी २ला घरात. तुझी गाडी किती वाजताची ते कळव. आणि मागच्या वेळचे एका दिवसाचे पैसे आणि तिकिटाचे पैसे यात धरलेत.’

मी उत्तर दिलं, ‘साडेनऊची, काकू. मी धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीच येते.’

तिकीट काढलंय. भावाला आधीच सांगून ठेवलंय, यंदा सकाळी आंघोळ करून तयार राहा.